विंगेतले देवस्थळी

देवस्थळीकाकांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य माझं स्वतःचंच होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पाण्याच्या टाकीवरून भांडायला उभी राहिले होते. आरंभ तावातावाने केला, आणि सेक्रेटरींनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तशी माझी पाटी कोरी झाली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून, कानाशी बोलावं इतक्या स्वच्छ आवाजात शब्द आले, "टाकीचं झाकण." मी सुटलेच. झाकण, कबुतरं, शेवाळ, सगळं बोलले आणि भांडण जिंकलेसुद्धा. मीटिंग संपल्यावर वळून बघितलं तर एक उंच, वाळकुडे गृहस्थ खुर्च्यांची घडी घालत होते.

"तुम्हाला कसं कळलं मी काय बोलणार होते?"

"सकाळी जिन्यात मिस्टरांशी बोलत होतात ना. चार मुद्दे होते. कबुतरांच्या आधी पंपाचा होता, तो तुम्ही खाल्लात."

माझ्यासारख्या बँकेत नोकरी करणाऱ्या, नाटकाशी काही देणंघेणं नसलेल्या बाईला याच माणसाने पुढे ओढत नाट्यसंस्थेत नेलं आणि साउंडवर बसवलं. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, पण तो पोटापाण्याचा भाग. खरं काम प्रॉम्प्टिंग. डोंबिवलीतल्या हौशी नाटकांना चाळीस वर्षं त्यांनी उजव्या विंगेत बसून, अडलेल्या नटाला त्याचं वाक्य दिलं. त्यांची कुजबूज डाव्या विंगेजवळच्या नटापर्यंत पोचायची आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचायची नाही. हे कसं होतं ते मला कधी कळलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

त्यांचे नियम मात्र पक्के होते. "पहिले दोन शब्द द्यायचे. तिसरा द्यावा लागला तर नट बदला," असं ते म्हणायचे. दुसरा नियम पायांचा. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नाही, तो अभिनयही करत असेल. मग ओळखायचं कसं? "टाच बघायची. विसरलेल्या माणसाची टाच उचलली जाते. अभिनय करणाऱ्याची जमिनीला असते." मी हे पुढे बँकेत कॅशिअरवर तपासून पाहिलं आहे. खरं आहे.

पंचाईत अशी होती की ही सवय विंगेत राहायची नाही. गणपतीच्या आरतीत, तिसऱ्या कडव्याला सगळी कॉलनी नुसते ओठ हलवत असते तिथे, काका भिंतीशी उभे राहून प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द द्यायचे. थोरल्या मुलाच्या लग्नात सून उखाण्याला अडली, तर सासरेबुवांनीच पाठीमागून "चांदीच्या ताटात" म्हणून दिलं. उखाणा तिचा तिने रचलेला होता. काकांनी सकाळीच तो तिच्याकडून लिहून घेतला होता. "असू दे, ऐनवेळी लागतो," म्हणाले. डॉक्टरकडे गेलं तर दुखणं काकूंचं आणि सांगणारे हे. काकू एकदा मला म्हणाल्या, "लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, एक वाक्य माझं मी पूर्ण केलेलं नाही."

मग मिहीर आला. आमच्याच संस्थेत लहानाचा मोठा झालेला हा मुलगा बाहेर नाटकाचं शिक्षण घेऊन परतला आणि त्याने जाहीर केलं की आता नट नकोत. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेल्या पुरात ज्यांच्या घरांत पाणी शिरलं, तीच माणसं स्टेजवर उभी राहतील आणि आपलं आपण सांगतील. याला डॉक्युमेंटरी थिएटर म्हणतात, असंही त्याने समजावलं. नटांचे चेहरे उतरले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरांत पाणी शिरलेलं होतं, पण ते नट असल्यामुळे बाद झाले.

मिहीरने आठ महिने हिंडून लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि तिघांना निवडलं. विठ्ठलवाडीचे रिक्षावाले पांडे, कल्याणच्या निवृत्त नर्स लोखंडेबाई आणि कोपरच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातल्या, मासे विकणाऱ्या हिराबाई. हिराबाई साठीच्या, साडेचार फुटांच्या, आवाज मात्र बाजारात कमावलेला. रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून मिहीरने फाईल केली. प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या पाकिटात. ती फाईल त्याने काकांच्या हाती दिली आणि सांगितलं, "काका, टेपवर आहे तेच. एक शब्द इकडचा तिकडे नको."

म्हणजे ज्यांच्यावर गुदरलं त्यांनाच, त्यांच्यावर काय गुदरलं ते, विंगेतून सांगायचं. काकांना यात काहीही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच तालमीला हिराबाई आपला नवरा होडी बांधायला कसा बंदरावर गेला ते सांगत होत्या. शाळेचा हॉल होता, बाकं बाजूला सारलेली.

"खोकला," विंगेतून आलं.

हिराबाई थांबल्या. "काय?"

"खोकला आहे इथे. 'होडी'नंतर."

"आज नाय मना खोकला. तवा व्हता."

मिहीर पुढे आला. "हिराबाई, तो खोकला ऑथेंटिक आहे."

"मंग तू खोक," हिराबाई म्हणाल्या.

शेवटी तडजोड झाली. खोकला फाईलमधून वगळण्यात आला, पण काका त्या जागी दर तालमीला क्षणभर थांबायचेच. पांडे आणि लोखंडेबाईंनी त्यांना त्रास दिला नाही. लोखंडेबाई तर वॉर्डातली औषधं लिहून घ्यावीत तशा त्यांच्या सूचना घ्यायच्या. खरी जुंपली ती पाण्यावरून.

फाईलमध्ये चौदाव्या पानावर हिराबाईंच्या घरातलं पाणी गुडघ्याएवढं होतं. पहिल्या आठवड्यात ते गुडघ्याएवढंच राहिलं. दुसऱ्या आठवड्यात कमरेला लागलं.

"कंबरभर पानी झाला..."

"गुडघा," काकांनी दिलं.

"कंबर."

"गुडघा. पान चौदा."

"ओ मास्तर," हिराबाई विंगेकडे वळल्या. काकांच्या हातात कायम फाईल म्हणून ते मास्तर. "पानी माजे घरान शिरला का तुमचे?"

"तुमच्याच. पण तुम्हीच गुडघा म्हणालात."

"गुडघा कोनचा? तुमचा गुडघा माजे कमरेला लागतो!"

हॉलमध्ये सगळे हसले. काका हसले नाहीत. काका सहा फूट होते आणि हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला असावा, कारण दोन दिवस त्यांनी 'गुडघा' दिला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी छातीला लागलं. घरी परतताना काका मला म्हणाले, "अगं, लेखक असता तर पत्र टाकून विचारलं असतं. इथे लेखक समोर उभा आहे आणि रोज नवीन सांगतोय. मी धरायचं काय?"

रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी गुंडाळी करून खिशात. "चल. खूण असेल भिंतीवर. मोजून टाकू, म्हणजे वाद मिटला." मला त्या माणसाची कीव आली आणि रागही आला. एखाद्याच्या घरात पूर किती आला ते टेलरच्या पट्टीने मोजायला कोण जातं? पण गेले बरोबर.

हिराबाईंचं घर नव्याने रंगवलेलं होतं. नवरा बाहेर गेलेला. चहा झाला. काकांनी घसा साफ करून येण्याचं कारण सांगितलं. हिराबाई उठल्या आणि आम्हाला लोखंडी कपाट सरकवायला लावलं. कपाटामागचा भिंतीचा तुकडा रंगवायचा राहिलेला होता. त्यावर एक तपकिरी रेघ होती, सरळ, जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर. काकांच्या नव्हे, हिराबाईंच्या गुडघ्याच्या.

"रंगारी बोलला, कपाट हालवू का. मी बोलली, नको," हिराबाई म्हणाल्या.

काका रेघेसमोर खाली बसले.

"गल्लीन छातीभर व्हता. माजा जोता उंच. घरान एवराच. सासूला अर्धांग झालेला, खाली अंथरुनावर. मी वर माल्यावर सुकी मासली हालवत व्हती. तिनं हाक मारली. ती दिवसभर हाका मारायची मना, पंख्यासाठी, पान्यासाठी, उगाच. मी ऐकला. नाय उठली. परत हाक मारली. तरी नाय उठली. तिसरी हाक आलीच नाय."

त्या हाका चौदाव्या पानावर होत्याच, आम्ही त्या नुसती वाक्यं म्हणून वाचल्या होत्या. ती सासू समोर फोटोत होती, हार घातलेली. जिला बसता येत नाही तिला गुडघाभर पाणी पुरतं, एवढं मला कळायला हवं होतं. आम्ही तालमीत त्या गुडघ्यावर हसलो होतो याची मला तिथे फार लाज वाटली.

"मानसं आली, इचारलान, कवरा पानी व्हता. मी छातीभर बोलली. गल्लीतला पानी मी घरान घेतला. बेबीला पन तेच सांगितला." बेबी म्हणजे हिराबाईंची नणंद, त्या म्हातारीची एकुलती एक मुलगी, कोपरला राहणारी. "ती बोलली, वयनी, तू तरी काय करनार छातीभर पान्यान. तवापासून माजेवर जीव टाकते. येते, जेवते, जाते."

"मग टेपवर खरं का सांगितलंत?" मी विचारलं.

"तो पोऱ्या कोनाचा कोन. त्याला सांगून मोकली झाली. मना काय ठाव, त्याच्या पुढं एवरा मोठा पसारा व्हईल."

काकांनी विचारलं, "मिहीरला सांगून पान काढायला लावू का?"

"नको. बोलायचा हाय मना, बेबीचे समोर, एकदा तरी. घरान बोलाय जाते त तोंड उघडत नाय. तिकरं लाईटीन उभी राहिली त उघडंल. ती येनार हाय कल्यानला, नाटक बघाय."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर तुमी हाव ना," हिराबाई म्हणाल्या.

मोजपट्टी खिशातून बाहेर निघालीच नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांनी पाण्याची उंची दुरुस्त करणं सोडून दिलं. मिहीर ओरडायचा, "काका, गुडघा! टेप काय म्हणते?" आणि काका "बघतो, बघतो" म्हणत पान उलटायचे. मिहीरने चौदाव्या पानाच्या समासात लाल पेनने 'इथे प्रेक्षक हलला पाहिजे' असं लिहून ठेवलं होतं. बेबीचं त्याला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं नाही.

कल्याणच्या प्रयोगाला नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं. बेबी तिसऱ्या रांगेत, मधोमध, नथ घालून, शेजारच्या बायकांना "ही माजी वयनी" असं सांगत बसलेली. हिराबाई सांगता सांगता माळ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मी काकांच्या शेजारीच साउंडवर होते. मला वाटलं आता कुजबूज येईल. काकांचं बोट चौदाव्या पानावर होतं आणि नजर हिराबाईंच्या पायांवर. टाच जमिनीला टेकलेली होती. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्याने होत नव्हतं.

पाच सेकंद गेले. नाटकात पाच सेकंद फार असतात. काकांनी पान उलटलं, त्याच्या पुढचं अर्धं सोडलं आणि दिलं, "संध्याकाळी होड्या."

"संध्याकाली होड्या आल्या..." हिराबाई म्हणाल्या आणि वाहत पुढे गेल्या.

पुढे जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मला 'तिसरी हाक' या शब्दांवर विजेचा कडकडाट सोडायचा होता. ते शब्द आलेच नाहीत, म्हणून मी बोट बटणावर ठेवून वाट बघत राहिले आणि घाबरून भलत्याच वेळी सोडला. लोखंडेबाई "वॉर्डात अगदी शांत होतं" म्हणाल्या आणि वीज कोसळली. वीज कोसळली म्हणून लाइटवाल्याने अंधार केला. अंधार झाला म्हणून पांडे आपला प्रवेश आला असं समजून आत शिरले आणि लोखंडेबाईंना धडकले. लोखंडेबाईंनी अंधारातच त्यांना "लागलं का हो?" म्हणून विचारलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एकाने मला मुद्दाम गाठून सांगितलं की तो अंधारातला प्रसंग फार बोलका होता.

पडदा पडल्यावर मिहीर विंगेत आला. "काका, दीड पान! सगळ्यात महत्त्वाचं दीड पान खाल्लंत तुम्ही!"

"पानं चिकटली होती," काका म्हणाले.

प्लॅस्टिकच्या पाकिटातली पानं चिकटत नाहीत हे मिहीरला, मला आणि चहा घेऊन आलेल्या माणसालाही दिसत होतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचं कसं? मिहीर नुसता "बरं" म्हणाला. ते काकांना जास्त लागलं.

परतताना मी म्हटलं, "काका, खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? विसरलेल्याला वाक्य द्यायचं असतं. त्या विसरल्या नव्हत्या. तिथे दोन शब्द देणं म्हणजे पाठीला हात लावून ढकलणं झालं असतं. आणि हे मिहीरला सांगायचं तर बेबीचं सांगावं लागतं."

डोंबिवलीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. देवस्थळींनी दीड पान खाल्लं. चाळीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे न केलेला माणूस, नजर गेली असणार, वय झालं. काका संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर यायचे बंद झाले. काकूंनी मला जिन्यात थांबवलं. "घरात गप्प बसून असतात. परवा मी लागोपाठ दोन वाक्यं पूर्ण केली. अगं, बरं नाही वाटलं मला."

मिहीरने उपाय काढला. ठाण्याच्या प्रयोगाला तिघांच्या कानांत छोटं ब्लूटूथ बसवायचं आणि तो स्वतः मागून वाक्यं देणार. पांडे खूश झाले. हिराबाईंनी ते यंत्र तळहातावर घेऊन उलटसुलट बघितलं.

"मास्तर कुठं हाय?"

"काकांना आता आराम देऊ या ना," मिहीर म्हणाला.

"माजे कानान कुड्या हान. यो किडा मी घालनार नाय. मास्तर बसंल त मी उभी राहीन. नायतर तुजी टेप लाव नि टेपेला उभी कर."

अशा रीतीने काका परत आले. ठाण्याचा तो प्रयोग त्यांचा शेवटचा. पुढे पाचव्या महिन्यात ते गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. नंतर शोकसभेत पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मला मात्र काका आठवतात ते ठाण्याच्या विंगेतले.

प्रयोगाआधी हिराबाई मेकअप न करताच विंगेत आल्या. "मास्तर, आज पान नको उलटू. आज थांबली त शब्द दे. बेबीला मीच आनलीय, हाताला धरून."

"नक्की?"

"दे बोलली ना."

माळ्यापर्यंत त्या आल्या आणि थांबल्या. बेबी तिसऱ्याच रांगेत होती. हिराबाईंनी विंगेकडे बघितलं आणि काकांनी, मला शेजारी बसून जेमतेम ऐकू येईल असे, दोन शब्द दिले. "सासूने हाक."

"सासूनं हाक मारली," हिराबाई म्हणाल्या, आणि सगळं बोलल्या. पहिली हाक, दुसरी हाक, न आलेली तिसरी. पाणी किती होतं ते सांगताना खाली वाकून आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवला. "एवराच व्हता. बेबी, एवराच. मी उठली असती त आये वाचली असती." ते शेवटचं वाक्य फाईलमध्ये नव्हतं. काकांच्या बोटाखालची ओळ 'व्हता'पाशीच संपत होती. मी वीज सोडली नाही. मिहीर मागून हातवारे करत होता, करू दे म्हटलं.

तिसऱ्या रांगेत बेबी उभी राहिली. शेजारची बाई पदर धरून तिला खाली ओढत होती.

"वयनी," ती म्हणाली. कोळणीचाच आवाज तो, माईकची गरज नव्हती. "आये दिवसातून शंभर हाका मारायची. मना पन मारायची, लग्नाआधी. मी पन नसती उठली."

नाट्यगृहात कोणी हललं नाही. हिराबाई उभ्याच होत्या. मग त्यांनी, सवयीने, उजव्या विंगेकडे बघितलं. टाच उचललेली होती. त्यांना खरोखरच पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

काकांनी पान उलटलं. पंधरावं बघितलं, परत चौदावं बघितलं, मागची बाजूसुद्धा बघितली. मग ते जे बोलले ते कुजबुजून नाही बोलले. त्यांचा खरा, मोकळा आवाज त्या दिवशी सगळ्या नाट्यगृहाने ऐकला. जरा घोगरा होता.

"पुढचं माझ्याकडे नाही हो, हिराबाई. तुम्हीच बोला."

हिराबाई बेबीकडे वळल्या. काकांनी फाईल मिटून खाली ठेवली, चष्मा काढला, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून ऐकत बसले.